कार्नेशनचे बी

कार्नेशनच्या कित्येक फुलांना लवंगेसारखा वास येतो. पावसाळा ओसरला, की त्याचे बी पसरट कुंडीत पेरावे व वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा. 8-10 दिवसांत अंकुर दिसतात. या वेळी पाणी बेतानेच घालावे. ओल फार झाली, तर कोवळी रोपे बुंध्याशी कुजून आडवी पडतात. अतिमायेने रोपे मारणारे माळी काही थोडे नाहीत!

रोपे बोटभर झाली, की ती उन्हातील, पाण्याचा निचरा होणाऱ्या वाफ्यात लावावी. पानांच्या 5-6 जोड्या येताच शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. वाफ्याच्या शोभेसाठी सर्व कळ्या राहू द्याव्या. फुलदाणीसाठी मोठे फूल हवे असेल, तर दांड्याच्या टोकाची एकच कळी राखून बाकीच्या लहान असतानाच काढाव्या लागतात. हे काम प्रथम जिवावर येते.

पेरल्यापासून फूल येण्यास सुमारे 5-6 महिने लागतात. बियांपासून झालेली रोपे एकसारखी निघत नाहीत. कोणाला मोजक्याच पाकळ्या, तर कोणाला पाकळ्यांची दाटी. म्हणून फुले विकणारे बागाईतदार बी पेरीत नाहीत. निवडक झाडाचे कोवळे शेंडे कापून त्यांना मुळे फोडतात. बी पेरणाऱ्याला मात्र पहिली कळी उमलेपर्यंत वाट पाहावी लागते.