जुन्या जीपला दोन स्पीकर वाढवायचे, तर खिशातून किती जाणार?

मागच्या बाकावरचा माणूस ओरडून विचारतो, "गाणं लागलंय का?" जुनी जिप्सी, पहिली थार किंवा महिंद्राची एमएम ५४० ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना हा प्रश्न पाठ आहे. नागपुरातून अमरावती रोडला लागून गाडीनं साठचा वेग धरला की ताडपत्रीची फडफड, जाड टायरांची घरघर आणि इंजिनाचा आवाज मिळून डॅशबोर्डमधल्या दोन छोट्या स्पीकरांना गिळून टाकतात. मग आपण दुकानात जातो. "भाऊ, मागे दोन स्पीकर टाकायचे, किती लागतील?" दुकानदार जोडीची किंमत सांगतो, आपण तीच खर्च समजून घरी येतो, आणि हिशेब तिथेच चुकतो. या कामात स्पीकरची जोडी म्हणजे साधारण निम्मा खर्च. उरलेला निम्मा पेटी, तार, फ्यूज आणि मजुरीत जातो, आणि काम दोन उन्हाळे टिकणार की नाही हे तो दुसरा निम्माच ठरवतो.

जुन्या गाडीची एक वेगळी अडचण आहे. १९८५ साली आलेली जिप्सी काय किंवा २०१० ची थार काय, या गाड्या टेपचा विचार करून बनल्याच नव्हत्या. आज तुमच्या गाडीत जो डेक आहे तो नंतर कुणीतरी बसवलेला आहे. हातबदल झालेली गाडी असेल तर तीन-चार कारागिरांचे जोड त्या डॅशबोर्डमागे असतात. म्हणून स्पीकर विकत घेण्याआधी डेक बाहेर काढून मागची वायरिंग बघून घ्या. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात हे करतो. त्याचे दोन-तीनशे रुपये वेगळे द्यावे लागले तरी द्या.

काय बघायचं? बहुतेक डेकना स्पीकरच्या तारांच्या चार जोड्या असतात. पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरांसाठी, हिरवी आणि जांभळी मागच्यांसाठी, आणि प्रत्येकीसोबत काळी रेघ असलेली तिची जोडीदार. हिरव्या-जांभळ्या जोड्या टोकाला नीट बंद करून मोकळ्या सोडलेल्या असतील तर तुमचं काम सोपं आणि स्वस्त आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पूर्वीच्या कॅसेटच्या जमान्यात काही गाड्यांत स्पीकरची मायनस तार थेट बॉडीला जोडलेली असायची. आजच्या डेकला ते चालत नाही. स्पीकरची कोणतीही तार पत्र्याला लागली की डेकमधली आयसी जळू शकते, आणि मग दोन स्पीकरांच्या खर्चात नवा डेकही येतो.

हिशेब

खालचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. ब्रँड आणि दुकानानुसार वर-खाली होतील, पण भाव विचारायला जाताना हाताशी असू द्या.

डेक चांगला आहे, मागचे चॅनेल मोकळे आहेत, फक्त जोडी वाढवायची आहे, असं धरू. सव्वापाच किंवा साडेसहा इंची कोॲक्सियल स्पीकरची जोडी अडीच ते चार हजार. त्यांच्यासाठी दोन पेट्या बाराशे ते अडीच हजार. दहा मीटर शुद्ध तांब्याची तार चारशे ते सहाशे. फ्यूज, स्लीव्ह, क्लिपा वगैरे किरकोळ सामान दोनशे-तीनशे. मजुरी सहाशे ते हजार. बेरीज होते ४,९०० ते ८,४०० रुपये. डेकच नसेल तर ब्लूटूथचा साधा डेक अडीच ते सहा हजारांत धरा.

अ‍ॅम्प्लिफायर घातला की खर्च एकदम उडी मारतो. चार चॅनेलचा अ‍ॅम्प सहा ते बारा हजार, त्याची वायरिंग किट दीड ते तीन हजार, वाढीव मजुरी दीड ते अडीच हजार. म्हणजे एकूण काम १४ ते २६ हजारांवर जातं. माझं मत स्पष्ट सांगतो. ताडपत्रीच्या गाडीला पहिल्या फेरीत अ‍ॅम्प घेऊ नका. आधी जोडी बसवा, महिनाभर गाडी चालवा, मग ठरवा. वूफरचा विचार तर हार्ड टॉप असेल तरच करावा. उघड्या जीपमध्ये बेस धरून ठेवायला बंद जागाच नसते.

"या डब्यावर दोनशे वॅट लिहिलंय" हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. डेकच्या डब्यावर ५० वॅट गुणिले ४ असं छापलेलं असतं. खरं खोटं बघायचं तर डेकच्या मागचा फ्यूज बघा. तो १० अँपिअरचा असेल आणि चालू इंजिनावर १४.४ व्होल्ट मिळत असतील, तर डेक सलग १४४ वॅटच ओढू शकतो, आणि त्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो. प्रत्येक स्पीकरला सलग मिळतात ते साधारण १५ ते २० वॅट. म्हणून स्पीकर घेताना वॅटचा मोठा आकडा सोडा, दोन बारीक आकडे वाचा. एक आरएमएस, म्हणजे स्पीकर सलग पेलतो ते वॅट; दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठा वाजतो. ८८ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर त्याच डेकवर तो दुप्पट वॅट दिल्याइतका वाजतो. तीन डेसिबलचा हा फरक अ‍ॅम्पचे पैसे वाचवतो.

काही कारागीर मागची तार ओढायचा कंटाळा करतात आणि नवे स्पीकर पुढच्याच तारांना पिळून टाकतात. ४ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की डेकला २ ओहमचा भार दिसतो. बहुतेक डेक ४ ओहमच्या खालच्या भारासाठी बनलेलेच नसतात. हिवाळ्यात गाणं वाजेल, मे महिन्यात दुपारी डेक तापून बंद पडेल. "वेगळी तार ओढणार ना?" हे आधीच विचारा.

नागपूरचं ऊन

२०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि उन्हात उभ्या गाडीतला पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. या उष्णतेत काळ्या चिकटपट्टीचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. माझ्या जिप्सीत हेच झालं. देवलापारच्या अलीकडे मागचा उजवा स्पीकर गेला. उघडून पाहिलं तर पट्टी सुटून तार पत्र्याला घासत होती. मजुरीत तीनशे रुपये वाचवले होते, दुरुस्तीत अकराशे गेले. तेव्हापासून मी प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवायला सांगतो, आणि जिथे तार पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट.

ऊन आणि पाऊस दोन्ही सोसायचे असल्यामुळे कागदी कोन नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. कोनाभोवतीची कडा फोमची नको, रबराची हवी. आपल्या उन्हात फोम भुगा होतो. पाण्यासाठी बनवलेले मरीन स्पीकर मिळतात, महाग असतात, पण गाडी बारा महिने उघडी राहत असेल तर तो पैसा वाया जात नाही.

जागा निवडताना पत्रा कापू देऊ नका. जुन्या जीपच्या पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पुढच्या पावसाळ्यातला गंज. रोल केजला भोक पाडणं तर पूर्ण चूक, नळीची ताकद कमी होते. क्लॅम्पवर बसणाऱ्या पेट्या घ्या आणि त्या मागे बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला, आतल्या बाजूला तोंड करून लावा. पायाशी लावलेला महागडा स्पीकर कानाजवळच्या साध्या स्पीकरपुढे हरतो. नट नायलॉकचे असू द्या. पेंचच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर साधे नट महिन्यात ढिले होतात. पुढे अ‍ॅम्प घेतलाच तर तो सीटखाली जमिनीला टेकवून बसवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा कितीतरी गाड्यांत पाणी शिरलं होतं. अ‍ॅम्पची जाड तार बॅटरीपासून वीतभर-दोन विती अंतरातच फ्यूजमधून गेली पाहिजे, नाहीतर तार कुठेही घासली तरी आग लागू शकते.

बॅटरीचाही विचार करा. इंजिन बंद ठेवून अ‍ॅम्प सरासरी ८ अँपिअर ओढत राहिला तर तीन तासांत २४ एएच जातात, म्हणजे ४५ एएचच्या बॅटरीचा अर्ध्याहून जास्त साठा. डिसेंबरच्या थंडीत डिझेल गाडी मग धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही. अगदी जुन्या जीपला अल्टरनेटरऐवजी डायनामो असेल तर तो मंद गतीवर जवळजवळ चार्जच करत नाही. आणि खूप जुन्या विलीजची वायरिंग ६ व्होल्टची, लष्करातून आलेल्या काही जीपची २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा डेक तिथे थेट जोडायचाच नाही.

बिल, विमा, कायदा

स्पीकर बसवल्यानं आरसीतली नोंद बदलत नाही. गाडीचं मूळ रूप बदललं तर मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. धंतोली-रामदासपेठेत रुग्णालयांची दाटी आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र होऊ शकतो, तिथे आवाज कमी करा. आणि सफारीच्या गेटवर डेक बंद. जंगलात संगीताला मनाई आहे, आणि ती असायलाच हवी.

दर विचारताना "जीएसटी धरून की सोडून?" हे विचारा. बिलावर स्पीकरचं मॉडेल आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. पक्कं बिल नसेल तर वॉरंटी तोंडी राहते. गाडीचा पूर्ण विमा असेल तर नंतर बसवलेलं विजेचं सामान पॉलिसीत वेगळं नोंदवावं लागतं, त्यासाठी त्या सामानाच्या किमतीच्या साधारण ४ टक्के हप्ता वाढतो. दहा हजारांच्या सामानावर चारशे रुपये. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर हाती काही येत नाही, आणि उघड्या जीपमधून चोरी सोपी असते. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

गाडी ताब्यात घेताना इंजिन चालू करा, हेडलाइट लावा, आवाज मध्यम ठेवा. इंजिन रेस केल्यावर स्पीकरमधून शिटी वाढत असेल तर अर्थिंग कच्चं आहे. मग बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवा. दोन्ही मिळून बेस उलट कमी होत असेल तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेत, दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतर कारागिराला मागच्या बाकावर बसवून रिंग रोडवर दहा किलोमीटर फिरवून आणा. मजुरीतले शेवटचे पाचशे रुपये त्या फेरीनंतर द्या.