आधी स्टेअरिंग, मग रंग

अगं, आबाजींची जीप पुन्हा रस्त्यावर आणायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण काल फोनवर तू कामांचा जो क्रम सांगितलास, तो ऐकून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. आधी पत्रा आणि रंग, मग रुंद टायर, मग पॉवर स्टेअरिंग, आणि ब्रेकचं ‘जमलं तर दिवाळीनंतर’. बाई, हा क्रम पुरता उलटा कर. तुझ्याकडे पैसे मोजके आहेत. त्यातला पहिला रुपया गाडी सरळ चालण्यावर जाऊ दे आणि दुसरा ती थांबण्यावर. रंगाचं नंतर पाहू.

ही गाडी मुळात कुणाची, कशासाठी केलेली, ते आधी नीट समजून घे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीनं १९४१ पासून सैन्यासाठी जी जीप बांधली, तिची ही पुढची पिढी. आपलं बॉनेट एवढं उंच का, असं तू लहानपणी विचारायचीस. आपली जीप ज्या नमुन्याची, त्या १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलमध्ये नवं ‘हरिकेन’ इंजिन आलं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर हेडमध्ये नेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. महिंद्रांची कंपनी १९४५ ची. तिनं मुंबईत माझगावला आधी विलीजचे सुटे भाग जोडून जीप केल्या, पुढे इथेच घडवल्या. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ ला बंद झाली. आपल्याकडे तोच सांगाडा नावं बदलत कितीतरी वर्षं चालला. म्हणून तुझं नशीब मोठं आहे. इतक्या जुन्या अमेरिकन घडणीच्या गाडीचे बुश, बेअरिंग, टाय रॉड एंड तुला अमरावती-नागपूरला मिळतात. परदेशातून मागवायची वेळ येत नाही.

आता तिचा बांधा बघ. दोन आक्सलमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. रुंदीला अरुंद, बसायला उंच, चारही कोपऱ्यांत पाटे, पुढेमागे अखंड आक्सल. वावरातून, बांधावरून, नाल्यातून जावं म्हणून केलेली ती गाडी आहे. समृद्धी महामार्गावरच्या मोटारींसारखी ती वळणार नाही, आणि तशी वळवायचा हट्टही धरू नकोस. पण कारखान्यातून निघाली तेव्हा जशी वळायची, तशी ती आजही वळू शकते. तेवढं केलंस तरी तू खूश होशील, कारण आज लोकांना जी ‘जुन्या जीपची खोड’ वाटते, ती बहुतेक वेळा झीज असते.

गाडीचं वळणं मापावर ठरतं, आणि हे फक्त जीपचं नाही. अमेरिकेत १९६० च्या सुमारास लहान गाड्यांची लाट आली: फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलियंट, शेवरले कॉर्व्हेअर. कॉर्व्हेअरचं इंजिन मागे. तिच्या पुढच्या टायरमध्ये १५ आणि मागच्यात २६ पौंड हवा भरायची असा कंपनीचा हिशेब होता. पंपावर चारही टायर सारखे भरले की वळणावर मागची बाजू निसटायची. राल्फ नेडरच्या १९६५ च्या पुस्तकामुळे ती गाडी बदनाम झाली. फाल्कनच्या सांगाड्यातून मस्टँग निघाली. तिच्यावरून कॅरोल शेल्बीनं केलेल्या १९६५ च्या जीटी ३५० मध्ये पुढच्या वरच्या कंट्रोल आर्मची भोकं सुमारे एक इंच खाली घेतलेली होती. भोकांची जागा बदलली, बस. तेवढ्यानं वळणात टायर रस्त्यावर जास्त सपाट टेकू लागला. माझं म्हणणं एवढंच, की गाडीचं वळणं आधी मापात असतं. महागडी वस्तू त्यानंतर येते.

तर मापं कशी तपासायची, ते सांगते. पुढचं आक्सल जॅकनं उचल, खाली दोन घोड्या लाव, मागच्या चाकांना दगड लाव. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हे वचन मला दे. आता चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलव. खटखट लागली तर तुझ्या पोराला ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. खटखट गेली, तर ढिलाई हबच्या बेअरिंगची. राहिली, तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीची. मग चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलव. इथली ढिलाई बहुधा टाय रॉड एंडमध्ये असते.

चाकं जमिनीवर टेकल्यावर खरी परीक्षा. एकानं स्टेअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, आणि तू खाली आडवी होऊन प्रत्येक जोडावर हात ठेवत जायचं. स्टेअरिंग बॉक्सच्या आर्मपासून ड्रॅग लिंक निघते, ती चेसीच्या पुढच्या आडव्या पट्टीवरच्या बेलक्रँकला येते, आणि बेलक्रँकपासून दोन टाय रॉड दोन्ही चाकांकडे जातात. एक तुकडा हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, ती जागा तुझ्या बोटांनाच कळते. जीपमध्ये बेलक्रँकची पिन आणि बुश हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. लांब हातामुळे तिथली थोडी झीज चाकाशी वाढून येते. त्यावर ग्रीस निप्पल असतो, पण चिखलाखाली तो दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिथे कुणी ग्रीस गन लावलेली नसते.

इथे एक सांभाळ. स्टेअरिंग ढिलं म्हटलं की पुष्कळ मिस्त्री थेट बॉक्सवरचा स्क्रू आवळून देतात. दोन दिवस बरं वाटतं. मग वळण घेतल्यावर चाक आपसूक सरळ होत नाही, आणि बॉक्सच्या आतला कॅम घासून जातो. बॉक्सला हात सगळ्यात शेवटी. आधी किंगपिनचे बेअरिंग. त्यांच्या टोपीखाली पातळ शिम असतात. ते काढून-घालून पुढच्या आक्सलच्या टोकाच्या गोळ्याला बेताचा घट्टपणा आणायचा. गोळ्याच्या सीलमधून तेल गळत असेल तर सीलही तेव्हाच बदल. मग बेलक्रँक, मग टाय रॉड एंड, आणि मग बॉक्स.

पन्नाशीच्या वेगात खड्डा लागला की आबाजींच्या हातात स्टेअरिंग थरथर कापायचं, आठवतं? किंगपिन ढिली, टायर बॅलन्स नाही किंवा कॅस्टर कमी, असं काहीतरी एकत्र आलं की तसं होतं. या जीपचा कॅस्टर ३ अंश, कॅम्बर दीड अंश आणि टो-इन साधारण एक ते अडीच मिलिमीटर. टो-इन तुला घरी टेपनं मोजता येतं: हबच्या उंचीवर, दोन्ही टायरच्या मध्यरेषांतलं अंतर पुढून आणि मागून घे, पुढचं किंचित कमी यायला हवं. कॅस्टर मात्र अलाइनमेंटवाल्याकडूनच मोजून घे. पाटे बसले किंवा कुणी उलटसुलट पाटे घातले की तो बिघडतो, आणि पाटा व आक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालून परत आणता येतो.

पाट्यांबद्दल एक कळकळीचं सांगते. संत्र्याचे क्रेट वाहायला म्हणून मागे जास्तीचे पाटे घातलेल्या जीपा आपल्या मोर्शी-चांदूर बाजार भागात खूप दिसतात. रिकाम्या गाडीला ते पाटे लवतच नाहीत. खड्ड्यावर मागचं चाक हवेत उडतं, आणि हवेतलं चाक ना वळवतं ना थांबवतं. जास्तीचे पाटे काढ. बाकीचे सोडवून गंज घासून घे, शॅकलचे बुश नवे टाक, सेंटर बोल्ट तुटलाय का पाहा. तो तुटला तर आक्सल तिरकं सरकतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट थोडी चालवल्यावर पुन्हा आवळायचे. शॉकअप चारही नवे घे. पैसे टाकल्याचा फरक पहिल्याच फेरीत कळेल, असं हे एकमेव काम.

आता ब्रेक. आपल्या गाडीत चारही चाकांना लहान ड्रम आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच लाइन. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेनं १९६८ पासून मोटारींना दुहेरी लाइन सक्तीची केली, ती याच कारणासाठी. म्हणून सुधारणा करायचीच तर पहिली ही कर: दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. सोबत सगळे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेले पाइप बदल. ड्रम अंडाकार झाले असतील तर लेथवर घे, पण मापाबाहेर गेलेला ड्रम परत वापरू देऊ नकोस. एवढं करून चारही चाकं सारखी धरू लागली, की मग पुढे डिस्क हवी का ते ठरव.

रुंद टायरचा मोह मी समजू शकते, फोटोत ती गाडी छान दिसते. पण या स्टेअरिंगचं गणित ६.००-१६ च्या अरुंद टायरवर बांधलेलं आहे. रुंद टायर, त्यात बाहेर काढलेली रिम, म्हणजे किंगपिन आणि बेलक्रँकवर दुप्पट त्रास, आणि मग ते जड झालं म्हणून पॉवर स्टेअरिंग. एका हौसेपायी दुसरा खर्च. मूळ मापाचे चार सारखे नवे टायर घे, बॅलन्स करून घे, हवा पुस्तकात दिलीय तेवढीच भर.

डिझेल इंजिनाचं भाऊजी सुचवतात, तेही मनातून काढ. जड इंजिन पुढच्या पाट्यांवर बसलं की आतापर्यंतची सगळी मापं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. आपली जीप पन्नाशी ओलांडलेली आहे. तिचं मूळ इंजिन, बॉडी, चेसी तशीच राहिली तर २०२१ च्या नियमानं ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र तशी गाडी रोजच्या कामाला चालवता येत नाही. तुला बगीच्यात जायला हवी असेल तर साधी पुनर्नोंदणी कर: तपासणी, पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. काय हवं ते आधी ठरव, कारण त्यावर सगळी कामं ठरतात.

आणि गॅरेजमध्ये स्वतः जा. ‘घरच्या माणसाला पाठवा’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, वहीत लिहिलेलं वाच: डावी किंगपिन ढिली, बेलक्रँकला प्ले, मागचा उजवा ड्रम तेलकट. बिघाडाची जागा अचूक सांगणाऱ्या बाईला चांगला मिस्त्री मान देतो. जो देत नाही, त्याच्याकडे गाडी ठेवायची नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग परत माग, हातात घेऊन झीज कुठे झालीय ते पाहा. दहा भाग असे पाहिलेस की पुढचा बिघाड तुला आवाजावरून कळेल.

गाडी झाल्यावर चालवण्याचंही सांगून ठेवते. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकू नकोस. या जीपमध्ये पुढचं-मागचं आक्सल एकमेकांना बांधलं जातं. वळणात पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, ताण सुटायला जागा मिळत नाही आणि स्टेअरिंग अडतं. ते चिखलासाठी आहे. उंच गाडी आहे, म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात शिरून ब्रेक मारायचा नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलीस तर उतरताना ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात ये. साठच्या वेगात ती समाधानी असते, तूही राहा.

हे सगळं एका महिन्यात होणार नाही, आणि व्हायचं कारणही नाही. मृग बहाराची गडबड सुरू होण्याआधी पुढचं आक्सल झालं तरी खूप. येत्या शनिवारी अमरावतीहून सकाळची एसटी धर. घोड्या, जॅक आणि ग्रीस गन मी काढून ठेवते. तू जुने कपडे आण, टॉर्च आण, आणि पोराला सोबत घेऊन ये, ब्रेक दाबायला कुणीतरी हवंच.