गाठ कापण्याआधी

मांडीला गाठ हाताला लागली आणि तेव्हापासून तुझी झोप उडालीय, कळतं गं मला. खरं सांगू का, अशा बहुतेक गाठी साध्याच निघतात, पुष्कळदा नुसत्या चरबीच्या. पण साधी आहे हे नुसतं चाचपून ठरवायचं नाही. आणि कुणी ‘लोकल भूल देऊन लगेच काढून टाकू’ म्हणालं, तर आधी ‘आतून कशी आहे ते बघून घेऊ’ म्हणायचं. इथे मी तुझं काही ऐकणार नाही बघ.

आधी सोनोग्राफी कर. गाठ पाण्याची की भरीव, कातडीखाली की स्नायूत खोल, ते त्यात कळतं. ती 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवरची किंवा वाढती असेल तर एमआरआय हवाच. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ असं घरचे म्हणतील. त्यावर जाऊ नकोस, मऊ ऊतींचा कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, सुरुवातीला बरेचदा दुखतच नाही.

एमआरआयला क्ष-किरण नसतात. एका प्रकारच्या चित्रात चरबी पांढरी दिसते. मग चरबीचा सिग्नल दाबून दुसरं चित्र काढतात, त्यात गाठ सगळीच्या सगळी काळी पडली तर ती चरबीचीच. आत जाडसर पडदे किंवा चरबी नसलेला भाग दिसला, तर पुढे शोध घ्यावा लागतो. रिपोर्टात ‘इनडिटरमिनेट’ दिसलं तर रडत बसू नकोस गं. नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही, बायोप्सी करा, एवढाच त्याचा अर्थ.

एमआरआयला जाताना मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना घरीच ठेव, साडीची सेफ्टी पिनसुद्धा. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप, गरोदरपण, काहीही असेल तर आधीच सांग. शिरेतून औषध देणार असतील तर किडनीसाठी क्रिएटिनिन तपासायचं का, तेही विचार. मशीन खूप धडधडतं, पण कानांत बोळे देतात आणि हातात घंटीचं बटण. बंद जागेची भीती वाटत असेल तर लाजू नकोस, सांगून टाक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बायोप्सी एमआरआयनंतर. आधी सुई टोचली तर आत रक्त साकळतं, सूज येते आणि चित्र फसवं दिसतं. शिवाय सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलूनच ठरायला हवं, कारण गाठ वाईट निघाली तर सुईची वाटही बरेचदा गाठीसोबत काढतात. ‘सुई लावली की पसरतं’ म्हणून बायोप्सीच टाळणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यासाठी जीव तुटतो माझा. नीट आखून केलेल्या बायोप्सीला घाबरायचं कारण नाही.

शंका असेल तर हाडं आणि मऊ ऊतींच्या गाठींचेच डॉक्टर गाठ. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये त्यांचा वेगळा गट आहे. सार्कोमाच निघाला तर छातीचा सीटी स्कॅन सांगतील, कारण तो पसरला तर बहुधा आधी फुफ्फुसांत जातो. सीटी सांगितला म्हणजे पसरलाच असं धरू नकोस.

आणि नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नकोस, सीडी मागून घे. दुसऱ्या डॉक्टरांना चित्रं स्वतः बघायची असतात. उद्या सोनोग्राफीची वेळ घे आणि मला कळव.