आधी उतरवा, मग वाचा

फाइलच्या नावाऐवजी थेट वेबपत्ता दिला तरी बरेच प्रोग्रॅम आता कुरकुरत नाहीत. पँडॉक घेतो, एफएफएमपेग घेतो, पायथनमधलं पांडाज तर सीएसव्हीचा पत्ता फाइलसारखाच वाचतं. जे घेत नाहीत त्यांच्यासाठी कर्ल आणि पाइप आहेच. पाणीटंचाईच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या गटाच्या कितीतरी स्क्रिप्ट अशाच चालायच्या. एका संकेतस्थळावरून टँकर सुरू असलेल्या गावांची यादी घ्यायची, ओळी मोजायच्या, आकडा पुढे पाठवायचा.

एका सकाळी तो आकडा एकदम खाली आला. पाऊस झाला असेल म्हणून सगळे खूश. दुपारी कुणीतरी यादी उघडली, तर तिच्या जागी ‘देखभालीचे काम सुरू आहे’ असं सांगणारं एचटीएमएल पान. स्क्रिप्टने त्या पानाच्या ओळी इमानेइतबारे मोजल्या होत्या.

अशा वेळी पडद्यावर एकही त्रुटी उमटत नाही, खरी मेख इथे आहे. सर्व्हरने ४०४ म्हटलं तरी कर्ल ते त्रुटीचं पान निमूट पुढे करतो आणि आपलं काम फत्ते झाल्याचं कळवतो. ‘--फेल’ हा पर्याय लावला, तरच तो २२ हा कोड देऊन अपयश मान्य करतो. फाइल दुसऱ्या पत्त्यावर गेली असेल तर ‘--लोकेशन’ही लागतं. आमचं देखभालीचं पान मात्र २०० हा यशाचा क्रमांक घेऊन आलं होतं. तिथे ‘--फेल’ काय करणार? शिवाय पाइप असला की बॅश फक्त शेवटच्या प्रोग्रॅमचा निकाल धरतो. कर्ल आपटला तरी पुढचा सॉर्ट रिकामं इनपुट चाळून ‘ठीक आहे’ म्हणतो. त्यावर उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’.

याहून छुपा घोटाळा अँपरसँडचा. पत्त्यात जिल्हा आणि वर्ष असे दोन घटक असले की मधे हे चिन्ह येतं, आणि शेलला ते दिसलं की तो आज्ञा तिथेच तोडून पहिला तुकडा पार्श्वभूमीत पाठवतो. उरलेलं ‘वर्ष बरोबर २०२३’ हे त्याला एखाद्या चलाला किंमत दिल्यासारखं वाटतं. तेही तो तक्रार न करता करून टाकतो. सर्व्हरकडे फक्त जिल्हा पोचतो, म्हणून भलत्याच वर्षांची यादी येते. तीही पूर्ण उतरायच्या आत स्क्रिप्टची पुढची ओळ धावू लागते. पत्ता नेहमी एकेरी अवतरणचिन्हांत ठेवा. झेडशेल वापरणाऱ्यांना प्रश्नचिन्हही अडवतं, पण तो निदान ओरडतो तरी.

झिप फाइल पाइपमधून उघडायच्या भानगडीत पडू नका. तिची अनुक्रमणिका शेवटी असते आणि पाइपमध्ये मागे-पुढे जाता येत नाही.

आता आमची रीत अशी. यादी तात्पुरत्या नावाने उतरवायची, पहिल्या ओळीत अपेक्षित स्तंभांची नावं आहेत का ते स्क्रिप्टनेच तपासायचं आणि मगच जुन्या फाइलवर ती ठेवायची. डब्ल्यूगेटला मोठ्या ‘ओ’ने थेट जुन्या फाइलचं नाव देणं धोक्याचं, कारण तो ती फाइल आधीच रिकामी करतो, उतरवणं फसलं तर कालचा मजकूरही गेला.

याला अपवाद आहे. मोठी उपग्रहचित्रं जीडॅल पत्त्यावरून वाचतं तेव्हा, चित्र तशा रचनेचं असेल तर, हवा तेवढाच तुकडा मागवतं. तिथे अख्खी फाइल उतरवणं हा शुद्ध अपव्यय. एरवी मात्र दर वेळी पत्ता गाठणं समोरच्याला जड जातं. एक्सएमएल वाचणारे प्रोग्रॅम सहसा न बदलणाऱ्या डीटीडी फाइली पुनःपुन्हा मागत असल्याने आपल्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात, असं डब्ल्यूथ्रीसी या मानक ठरवणाऱ्या संस्थेला २००८ मध्ये जाहीर सांगावं लागलं होतं.

शेवटचं. पत्त्यातच गुप्त टोकन असेल तर तो आज्ञेत टंकू नका. शेलच्या इतिहासात तो राहतो, आणि सामायिक सर्व्हरवर ‘पीएस’ चालवणाऱ्या इतरांनाही बहुधा दिसतो. कर्लला पत्ता कॉन्फिग फाइलमधून देता येतो, आणि ती फाइल फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी ठेवता येते. असा पत्ता आधीच कुठे टंकून झाला असेल, तर ते टोकन आजच रद्द करून नवं घ्या.