कोथिंबिरीचे दुर्लक्षित फूल

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत कोथिंबिरीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. नारायणगावच्या बाजारात तिच्या जुड्यांचा भाव शेकड्यावर ठरतो. पेरणीपासून सुमारे ३५ ते ४५ दिवसांत पीक उपटले जात असल्याने त्याचे फूल सहसा कोणी पाहत नाही. दिसलेच तर माल हातचा गेला असे समजले जाते. दांडा निघाल्यावर वरची पाने बारीक व चिरलेली होऊन जुडीचे मोल घटते, हे खरे. परंतु पुढील पेरणीचे धने याच फुलातून मिळतात.

फुलाची रचना

कोथिंबिरीचा फुलोरा छत्रीसारखा असतो. फुले लहान, पांढरी किंवा फिकट गुलाबी असून कडेच्या फुलांच्या बाहेरील पाकळ्या मोठ्या असतात. फुलातील पराग आधी मोकळा होतो व स्त्रीकेसर त्यानंतर पक्व होतो. त्यामुळे त्याच फुलाचा पराग त्याच्या उपयोगी फारसा पडत नाही. तो दुसऱ्या फुलावरून यावा लागतो. मेथीत बहुतांशी स्वपरागीभवन होते, तसे येथे नाही. हे परागवहन मुख्यतः सातेरी, फुलोरी व आग्या या मधमाश्या आणि इतर लहान कीटक करतात. फुलोऱ्यावर माश्यांची वर्दळ कमी असेल, तर धने कमी भरतात.

या फुलांवर ढालकिडे व सिरफिड माश्याही येतात. सिरफिड माश्यांच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. म्हणून भाजीपाल्याच्या बांधावर कोथिंबिरीची एखादी ओळ फुलू देणे हिताचे ठरते.

बियाण्याची निवड

भाव पडला की उभा वाफा तसाच सोडून दिला जातो, आणि त्यात प्रथम फुललेल्या झाडांचे धने पुढे बियाणे म्हणून पेरले जातात. ही रीत तोट्याची आहे. लवकर फुलण्याचा गुण पुढील पिढीत उतरतो. मग पानांची भरपूर वाढ होण्यापूर्वीच पीक दांड्यावर येते. उन्हाळ्यात तापमान वाढून दिवस मोठा झाला म्हणजे हा दोष अधिक जाणवतो. याकरिता पुढीलप्रमाणे करावे.

१. बियाण्यासाठी रब्बी हंगामात वेगळा लहान वाफा राखावा व झाडे विरळ ठेवावीत.

२. प्रथम दांडा काढणारी, किडकी व रोगट झाडे फुले उमलण्यापूर्वीच उपटावीत. भरपूर पानांची व उशिरा फुलणारी झाडे राखावीत.

३. दुसऱ्या वाणाचा फुललेला वाफा जवळ नसावा. अन्यथा माश्यांमार्फत वाणांची भेसळ होते.

४. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक फवारू नये. मावा किंवा भुरीमुळे फवारणी अपरिहार्य झाल्यास कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊन, सायंकाळी माश्या परतल्यावर ती करावी.

५. निम्मे धने हिरवे न राहता पिवळसर झाले की सकाळी झाडे कापून सावलीत वाळवावीत. उशीर झाल्यास धने गळतात.

पेरणीपूर्वी धने हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत. प्रत्येक धन्यात दोन बिया असतात. अशा १०० बिया ओल्या फडक्यात ठेवून दोन आठवड्यांत किती उगवतात ते मोजावे व त्यावरून बियाण्याचे प्रमाण ठरवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या शेतात असा वाफा राखून घ्यावा. त्याचे धने व बाजारातून आणलेले धने शेजारी शेजारी पेरून कोणता वाफा आधी दांड्यावर येतो ते शेतकरी बांधवांना दाखवावे. डोळ्यांनी पाहिलेला फरक सहज पटतो. ज्या फुलाकडे आजवर नुकसान म्हणून पाहिले गेले, ते राखणाऱ्याचा बियाण्यावरील खर्च वाचेल आणि जुडीही अधिक दिवस पानावर टिकेल.