बझरचा भार पिनेवर टाकूं नये

विहिरींतील पाणी फूटव्हॉल्व्हच्या खालीं जाऊं लागतांच सूचना मिळावी, म्हणून आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनेस बझर थेट जोडला. कांहीं दिवस तो उत्तम वाजला. पुढें एके रात्रीं मोटार कोरडी चालली, बझर मुका राहिला, आणि मोटार जळाली. तपासतां ती पिन निकामी झालेली आढळली. आमच्या शेतकरीबंधूंस असा फटका बसूं नये, हाच या लेखाचा हेतु.

चूक आमच्या समजुतीची होती. कचेरींत कारकून कागद तयार करतो, रक्कम मात्र खजिन्यांतून निघते. ती तो पदरची देत नाहीं. पिनेचें काम तसेंच हुकूम देण्याचें आहे, भार वाहण्याचें नव्हे. आर्डुइनो युनो बोर्डावरील एटीमेगा ३२८पी चिपेच्या एका पिनेंतून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. ४० ही तिच्या सहनशक्तीची अखेरची सीमा होय. आमचा ५ व्होल्टचा बझर मीटरनें मोजतां ३० मिलिअँपिअर घेत होता.

करितां मध्यें बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घालावा. त्याची सपाट बाजू आपणांकडे व पाय खालीं धरल्यास डावा पाय कलेक्टर, मधला बेस व उजवा एमिटर असतो. पिनेपासून १,००० ओहमचा रेझिस्टर बेसला, एमिटर ग्राउंडला, बझरचें धन टोंक ५ व्होल्टच्या तारेस व ऋण टोंक कलेक्टरला जोडावें. आतां पिनेवर सुमारें ४ मिलिअँपिअरचाच भार पडतो.

बझरमध्यें तारेचें वेटोळें असल्यास प्रवाह तुटतांच उलट झटका बसतो. तो जिरविण्यासाठीं बझरच्या दोन टोंकांवर १एन४००७ डायोड जोडावा; त्याचा पट्टा ५ व्होल्टच्या बाजूस हवा. उलट जोडल्यास ट्रान्झिस्टर जळण्याचें भय आहे.

बझर विकत घेतांना तो वीज लागतांच आपोआप वाजणारा आहे, याची खात्री करावी. दुसऱ्या जातीच्या बझरास सेकंदास हजारों वेळां प्रवाह चालू-बंद करून द्यावा लागतो. नुसती वीज दिल्यास तो एकदां टक् करून गप्प बसतो.

शेवटीं एक सूचना. बोर्डास वीज मिळतांच बझर एक सेकंद वाजावा, अशी आज्ञा प्रोग्रॅममध्यें घालावी. तो न वाजल्यास मोटार सुरू करूं नये. पहारेकरी जागा आहे किंवा कसें, हें चोर येण्यापूर्वींच पाहिलेलें बरें.