फवारणीच्या विषावर निलगिरीचा उतारा चालेल का?

प्रश्न : आमची कपाशी आहे. घरधनी पाठीवरच्या पंपाने फवारतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. निलगिरी, लवंग, तुळस यांच्या तेलाने विषापासून मेंदू वाचतो, असं मोबाइलवर वाचलं. मी त्यांच्या अंगाला निलगिरी तेल चोळून देते, रुमालावरही थेंब टाकते. बरोबर करते ना? – एक वाचक, पवनार (जि. वर्धा)

उत्तर : ताई, चोळणं आजच थांबवा. निलगिरीतलं सिनिओल कातडीचा अडसर सैल करतं, त्यामुळे अंगावर उडालेलं विष उलट लवकर आत जाऊ शकतं.

वाचलंत ते अगदीच हवेतलं नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल यांनी उंदरांच्या मेंदूची विषाने होणारी हानी कमी झाल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण तिथे मात्रा मोजून दिलेली असते. फवारणाऱ्या माणसाचा मेंदू तेलाने वाचल्याचा पुरावा नाही.

प्रोफेनोफॉससारखं कीटकनाशक शरीरातल्या एका विकराला जखडून टाकतं. नसांमधून निरोप नेणारं असिटिलकोलीन हा विकर लगेच साफ करतो. तोच बंद पडला की निरोप थांबत नाही : लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू, शेवटी झटके. प्रयोगशाळेत सिनिओल स्वतःच या विकराला थोडंफार अडवतं. मग ते उतारा कसं ठरणार? आणि निलगिरी किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं, तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. बाटली उंचावर ठेवा.

2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. या विषाचा मोठा वाटा कातडीतून जातो. पंप गळून पाठीवर ओला झालेला सदरा अंगावरच वाळतो, खरा घात तिथे होतो. रुमालही फवारा शोषून नाकाशी धरून ठेवतो.

म्हणून लांब बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क वापरायला लावा. वाऱ्याकडे पाठ करून फवारायचं. गळका पंप आधी दुरुस्त करायचा. घरी आल्याबरोबर कपडे वेगळे धुवायचे, साबण लावून अंघोळ करायची, मगच जेवायचं. रोज डोकं धरतं हेही साधं समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

लाळ, उलट्या, धूसर दिसणं, धाप यांतलं काहीही दिसलं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. या विषावरचा उतारा, ॲट्रोपीन, दवाखान्यातच मिळतो आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. बरं वाटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी आणू नका. एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. 108 ला फोन करा आणि जाताना फवारणीच्या औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्या.